जुन्या आवृत्तीतील वार नव्या टेबलावर कसा मोजावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाचे एखादे चाळीस वर्षांपूर्वीचे मॉड्यूल, म्हणजे तयार छापील साहस, आजच्या नियमांनी खेळवायला घेतले, की पहिली अडचण राक्षसांची किंवा मंत्रांची येत नाही. ती ‘आर्मर क्लास ५’ या नोंदीपाशी येते; आर्मर क्लास म्हणजे त्या पात्राला वार लागणे किती अवघड हे सांगणारा आकडा. २०१४ नंतर खेळायला लागलेल्या खेळाडूला अशी नोंद असलेला माणूस अगदीच दुबळा वाटतो, कारण त्याच्या नियमांत अंगावर चिलखत नसलेल्या माणसाचाही आर्मर क्लास १० असतो. प्रत्यक्षात जुन्या पुस्तकातील ५ म्हणजे कड्यांचे चिलखत, म्हणजे चांगलेच संरक्षण. आकडा तोच, अर्थ उलटा, आणि हा उलटा अर्थ ध्यानात न घेता खेळ सुरू झाला तर पहिल्याच लढाईत गडबड होते.

आमचा गट रविवारी संध्याकाळी जळगावात एका गच्चीवर जमतो. दोघे भुसावळहून येतात, एक जण महिन्यातून एकदा धुळ्याहून येतो, आणि टेबलावर बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या आवृत्त्यांची पुस्तके पडलेली असतात. पुस्तके इंग्रजी असली तरी वार बसला की नाही हे विचारायला तिथे अहिराणीच चालते: ‘लागना का?’ या दोन शब्दांचे उत्तर प्रत्येक आवृत्तीत कसे काढावे आणि एका आवृत्तीतील उत्तर दुसरीत कसे न्यावे, एवढेच पुढे सांगितले आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. १९७४पासून आजपर्यंत हल्ल्याचा फासा वीस बाजूंचाच राहिला आहे, आणि वीस बाजूंच्या फाशाची प्रत्येक बाजू ५ टक्क्यांची असते. म्हणून कोणत्याही आवृत्तीत शेवटी एकच आकडा हवा असतो: फाशावर किमान किती पडले म्हणजे वार लागेल? तो आकडा २१मधून वजा केला की वार लागणाऱ्या बाजूंची संख्या मिळते. ११ हवे असतील तर दहा बाजू, म्हणजे ५० टक्के. १६ हवे असतील तर पाच बाजू, म्हणजे २५ टक्के. आवृत्त्या बदलल्या त्या या आकड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत: आकडेमोड कोणी करायची, केव्हा करायची, आणि ती बेरीज असावी की वजाबाकी. आवृत्ती बदलताना पुस्तकात छापलेला आकडा नव्हे, तर वार लागण्याची शक्यता पलीकडे न्यायची असते, हे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

तक्त्यांचा काळ

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४मध्ये आला, तेव्हा त्याच्यामागे १९७१चा ‘चेनमेल’ हा सैन्यांच्या लढाईचा खेळ होता. चेनमेलमधील समोरासमोरच्या लढतीत सहा बाजूंचे दोन फासे टाकून शस्त्र आणि चिलखत यांचा मेळ तक्त्यात पाहावा लागे. १९७४च्या पुस्तकाने त्याला पर्याय म्हणून वीस बाजूंच्या फाशाचा तक्ता दिला, आणि पुढे तो पर्यायच मुख्य रस्ता झाला. त्या तक्त्यात आर्मर क्लास ९ म्हणजे चिलखत नसलेला माणूस आणि २ म्हणजे पत्र्याचे चिलखत व ढाल. पहिल्या तीन लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पायऱ्यांवरच्या, योद्ध्याला ९ विरुद्ध १० लागत, २ विरुद्ध १७ लागत. चौथ्या ते सहाव्या लेव्हलला २ विरुद्ध १५ पुरत. योद्ध्याची सुधारणा दर तीन लेव्हलला, पुरोहिताची दर चारला आणि जादूगाराची दर पाचला होई. गणित काहीच नव्हते; बोट तक्त्यावर ठेवायचे आणि आकडा वाचायचा.

१९७९च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकात हे तक्ते मोठे झाले. चिलखत नसलेल्या माणसाचा आकडा ९ऐवजी १० झाला आणि खालची बाजू उणे १०पर्यंत गेली. इथे एक बारकावा आहे, जो रूपांतर करणारे बहुतेक जण विसरतात. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याला आर्मर क्लास ० विरुद्ध २० लागतात हे ठीक; पण तक्त्यात उणे १ पासून उणे ५ पर्यंतही २०च छापलेले आहेत, आणि २१ची चौकट उणे ६ला येते. म्हणजे सूत्राने उणे ३ विरुद्ध २३ येत असले तरी तक्ता २० म्हणतो. त्यामुळे कमी लेव्हलच्या पात्राची जबर चिलखती शत्रूपुढे जी ५ टक्क्यांची आशा टिकून राहते, ती केवळ सूत्र वापरले तर नाहीशी होते. १९७९चे मॉड्यूल खेळवत असाल तर ही सहा चौकटींची सवलत वहीत लिहून ठेवावी.

त्याच आवृत्तीत शस्त्र आणि चिलखताचा प्रकार यांच्या जोड्यांचाही एक तक्ता होता, ज्यात प्रत्येक शस्त्राला प्रत्येक आर्मर क्लाससाठी वेगळी बेरीज किंवा वजाबाकी होती. कल्पना चांगली, कारण गदा आणि खंजीर पत्र्याच्या चिलखतावर सारखे चालत नाहीत. पण प्रत्येक वाराला दुसरा तक्ता उघडावा लागतो. रूपांतर करताना तो सोडून द्यावा.

थॅको: वजाबाकीची वीस वर्षे

तक्त्यांकडे नीट पाहिले की प्रत्येक ओळ एकेका पायरीने चढत जाते हे दिसते. मग पूर्ण ओळ लिहिण्याची गरज उरत नाही. आर्मर क्लास शून्यला लागणारा एकच आकडा ठेवला की बाकीची ओळ वजाबाकीने निघते. तो आकडा म्हणजे थॅको (‘टू हिट आर्मर क्लास झिरो’चे लघुरूप). १९७९च्या पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या राक्षसांच्या यादीत आर्मर क्लास शून्यला लागणाऱ्या आकड्याचा रकाना आधीच होता, पण खेळाडूच्या हाती मुख्य नियम म्हणून थॅको आला तो १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत.

नव्या खेळाडूंना उतरता आर्मर क्लास समजावताना मला रेल्वेच्या डब्यांचा फार उपयोग होतो. पहिला वर्ग दुसऱ्या वर्गापेक्षा वरचा असतो, आकडा लहान तेवढा मान मोठा. क्लास हा शब्द तिथे आणि इथे एकच आहे. भुसावळच्या मुलांना यापेक्षा जास्त सांगावे लागत नाही.

सूत्र असे: थॅको वजा शत्रूचा आर्मर क्लास, उत्तर येईल ते फाशावर हवे. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलला सगळ्यांचा थॅको २० असतो. योद्ध्याचा दर लेव्हलला एकने उतरतो, पुरोहिताचा दर तीन लेव्हलला दोनने, चोराचा दर दोन लेव्हलला एकने आणि जादूगाराचा दर तीन लेव्हलला एकने. पाचव्या लेव्हलच्या योद्ध्याचा थॅको १६. समोर आर्मर क्लास ५ असेल तर ११ हवेत. अडखळायला होते ते शून्याच्या खाली. माझा दहावीतला भाचा पहिल्यांदा या योद्ध्याने खेळला, तेव्हा समोरच्या सरदाराचा आर्मर क्लास उणे २ होता.

‘मामा, सोळातून दोन गेले, चौदा लागतील ना?’

‘उणे दोन वजा करायचेत रे. उणे वजा केले की मिळवायचे असते. अठरा लागतील.’

त्याने १५ टाकले होते, आणि वही पाहून घेतल्याशिवाय त्याला ते पटले नाही. त्याची चूक नव्हती. त्याच नियमपुस्तकात बेरीज आणि वजाबाकीची चिन्हे दोन्ही दिशांना वापरलेली आहेत. +१ची ढाल चांगली, पण तिने आर्मर क्लास खाली जातो: कड्यांचे चिलखत ५, साधी ढाल घेतली की ४, +१ची ढाल घेतली की ३. चपळता १८ असली की बचावाच्या रकान्यात उणे ४ लिहिलेले असते आणि तेही चांगलेच. ताकदीच्या रकान्यात मात्र अधिकचे चिन्ह चांगले, कारण ते फाशात मिळवायचे. म्हणजे एकाच पात्राच्या कागदावर अधिक आणि उणे दोन्ही शुभ असू शकतात. यावर उपाय म्हणजे चिन्हाकडे न पाहता ‘हे कोणाच्या बाजूने आहे’ असे विचारणे. हल्ला करणाऱ्याच्या बाजूचे सगळे फाशात मिळवावे. बचाव करणाऱ्याच्या बाजूचे सगळे आर्मर क्लासमधून कमी करावे. या एका सवयीने थॅकोच्या निम्म्या चुका थांबतात.

डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, शत्रूचा आर्मर क्लास उघड करायचा नसेल, तर वजाबाकी उलटी फिरवावी. थॅको १६च्या खेळाडूने १२ टाकले, तर १६ वजा १२, म्हणजे ‘मला आर्मर क्लास ४ लागला’ असे त्याने म्हणावे. शत्रूचा आकडा ४ किंवा त्याहून मोठा असेल तर वार बसला, ३ किंवा त्याहून लहान असेल तर हुकला. ही पद्धत मला मूळ पद्धतीपेक्षा जास्त आवडते, कारण वजाबाकी खेळाडूकडे राहते आणि गुपित डीएमकडे. पात्राच्या कागदाच्या कडेला आर्मर क्लास १० पासून उणे ५ पर्यंतची पट्टी आखून प्रत्येकाखाली लागणारा आकडा पेन्सिलने लिहून ठेवला, की तेवढीही वजाबाकी लागत नाही. लेव्हल वाढली की पट्टी खोडून पुन्हा लिहायची. म्हणजे थॅकोला कंटाळलेला गट शेवटी १९७४च्या तक्त्याकडेच परततो.

चढता आकडा

विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९७मध्ये टीएसआर ही मूळ कंपनी विकत घेतली आणि २०००मध्ये तिसरी आवृत्ती आली, जिचे मुख्य रचनाकार जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स होते. त्यांनी दिशा उलटी केली. चिलखत नसलेला माणूस १० वरच राहिला, पण चिलखताने आकडा चढू लागला, आणि हल्ला करणाऱ्याने फासा अधिक आपला बोनस एवढे मोजून तो आकडा गाठायचा असे ठरले. गणिताच्या दृष्टीने यात नवे काहीच नव्हते. जुना आर्मर क्लास २०मधून वजा करा, थॅकोही २०मधून वजा करा: थॅको १६चा बोनस +४ होतो, आर्मर क्लास ५चा १५ होतो, आणि लागणारा आकडा पुन्हा ११च येतो. उणे २चा सरदार २२चा होतो आणि त्याला पुन्हा १८च लागतात.

इथे १९८१च्या बेसिक संचाचे आणि त्याच्या वंशातील खेळांचे मॉड्यूल असेल तर थोडे थांबावे, कारण तिथे चिलखत नसलेला माणूस ९ वर असतो आणि पहिल्या लेव्हलचा थॅको १९ असतो. त्यासाठी २०ऐवजी १९मधून वजा करावे. खरे तर दोन्ही आकडे एकाच संख्येतून वजा केले तर ती संख्या कोणती हे महत्त्वाचे नाही. उत्तर तेच येते. चूक होते ती आर्मर क्लास १९मधून आणि थॅको २०मधून घेतला की. तेव्हा प्रत्येक वार ५ टक्क्यांनी सोपा होतो आणि कारण कोणालाच कळत नाही. अलीकडच्या काही जुन्या धाटणीच्या खेळांत ‘५ [१४]’ असे दोन्ही आकडे छापलेले असतात. कंसातील आकडा चढता, आणि तो १९मधून काढलेला आहे हे बेरीज करून पाहिले की लगेच दिसते.

तिसऱ्या आवृत्तीने खरा बदल केला तो आकड्यांच्या थरांत. योद्ध्याचा मूळ बोनस दर लेव्हलला एक, पुरोहिताचा आणि चोराचा पाऊणपट, जादूगाराचा निम्मा. बोनस +६ झाला की त्याच फेरीत +१चा दुसरा वार मिळतो, +११ला तिसरा. शिवाय शत्रूला दोन बाजूंनी घेरले तर +२, उंचावर उभे असाल तर +१, धावून हल्ला केला तर वाराला +२ पण स्वतःचा आर्मर क्लास २ने कमी. शत्रूचे आकडेही तीन: नेहमीचा, नुसता स्पर्श पुरेल तेव्हाचा, आणि बेसावध असतानाचा. २००३च्या सुधारित आवृत्तीतील ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, पाहा: नेहमीचा १६, बेसावध १६, पण स्पर्शाचा ८, कारण त्याचे संरक्षण जाड कातड्यात आणि चामड्याच्या चिलखतात आहे, चपळाईत नाही. बोटातून किरण सोडणाऱ्या जादूगाराला हा ओगर जवळजवळ हुकतच नाही. त्या आवृत्तीतील ही बाब मला अजूनही सुंदर वाटते: आकडा पाहून शत्रूचे अंग डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र दहाव्या लेव्हलनंतर एका खेळाडूची पाळी संपेपर्यंत बाकीच्यांचा चहा निवतो, हेही खरे.

२००८ची चौथी आवृत्ती

चौथ्या आवृत्तीने सगळ्या पात्रांना लेव्हलच्या निम्म्याइतका बोनस दिला आणि आर्मर क्लासच्या जोडीला फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल असे आणखी तीन बचाव ठेवले. फासा नेहमी हल्ला करणाऱ्यानेच टाकायचा, मग ती तलवार असो वा आगीचा गोळा. इतर आवृत्त्यांत आगीच्या गोळ्यातून वाचण्यासाठी फासा समोरचा टाकतो. म्हणून चौथ्यातील मंत्र पाचव्यात नेताना समोरच्याचा बचाव १०ने कमी करून त्याचा बोनस धरावा आणि हल्ल्याच्या बोनसमध्ये १२ मिळवून गाठायचा आकडा धरावा. १०ऐवजी १२ का, तर बरोबरी झाली की फासा टाकणारा जिंकतो, आणि इथे फासा टाकणारा बदललेला असतो. +७चा मंत्र आणि १५चा रिफ्लेक्स घेऊन करून पाहा: मूळ पद्धतीत ८ हवे, म्हणजे ६५ टक्के, उलट पद्धतीत समोरच्याला +५ने १९ गाठायचे, म्हणजे १४ हवे, म्हणजे त्याची फसण्याची शक्यता ६५ टक्के.

पाचवी आवृत्ती आणि दोन फासे

२०१४मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने आकड्यांची चढण मुद्दाम सपाट केली. तलवार चालवणारा योद्धा असो वा मंत्राने नेम धरणारा जादूगार, प्रावीण्याचा बोनस पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्याला +६. त्यात ताकद किंवा ज्या गुणाने हल्ला होतो त्याचा बोनस मिळवायचा. दुसऱ्या आवृत्तीतील योद्धा वीस लेव्हलांत थॅको २०वरून १वर येत असे, म्हणजे एकोणीस पायऱ्या, इथे चार. याचा परिणाम टेबलावर लगेच दिसतो. पाचव्या आवृत्तीतील गॉब्लिनचा, म्हणजे बुटक्या किरकोळ राक्षसाचा, बोनस +४ आहे, त्यामुळे आर्मर क्लास १८च्या दहाव्या लेव्हलच्या योद्ध्यालाही तो १४ टाकून, म्हणजे ३५ टक्के वेळा, लागतो. तिसऱ्या आवृत्तीत त्या लेव्हलचा योद्धा सहज २५च्या पुढे असे आणि +२च्या गॉब्लिनला फक्त २०ची आशा उरे. त्यामुळे पाचव्यात गॉब्लिनांची टोळी शेवटपर्यंत धोकादायक राहते.

परिस्थितीचे +१, +२ जवळजवळ सगळे काढून त्यांच्या जागी दोन फाशांचा नियम आला: अनुकूल स्थितीत दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, प्रतिकूल स्थितीत लहान. हा बदल किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळते. ११ हवे असताना एका फाशाने ५० टक्के, दोनांतील मोठ्याने ७५ टक्के. म्हणजे +५ मिळाल्यासारखे. १८ हवे असताना १५ टक्क्यांचे २७.७५ होतात, म्हणजे अडीचहून थोडेसे जास्त. २० हवे असताना ५चे ९.७५ होतात, म्हणजे एक बाजू. अनुकूलतेचे मोल लढाई बरोबरीची असते तेव्हा सर्वांत जास्त असते आणि दोन्ही टोकांना घटते.

म्हणून जुन्या मॉड्यूलमध्ये ‘या उंचवट्यावरून लढणाऱ्यास +१’ असे असेल तर त्याच्या बदल्यात दोन फासे देऊ नयेत; ते फार होते. +१ सरळ सोडून द्यावा. दुसऱ्या आवृत्तीत पाठीमागून केलेल्या वाराला +२ आहे. माझ्या मते तो मात्र तसाच +२ ठेवणे बरे. अदृश्य शत्रूवरील उणे ४ मात्र प्रतिकूल स्थितीच्या दोन फाशांत चपखल बसतो. आडोशाचेही तसेच पाहावे: दुसऱ्या आवृत्तीत अर्ध्या आडोशामागच्या शत्रूवर उणे ४, पाऊण आडोशाला उणे ७, पाचव्यात तेच आर्मर क्लासला +२ आणि +५. इथे नव्या पुस्तकाचे आकडे घ्यावेत, कारण सपाट चढणीत ७चा फरक पेलत नाही.

ओगरच्या निमित्ताने

मी स्वतः हे रूपांतर चुकीचे केले आहे, आणि ती चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे. एका जुन्या मॉड्यूलमधील गुहा मी सातपुड्यातल्या एका घळीत आणून ठेवली होती आणि तिच्या तोंडाशी तीन ओगर होते. जुन्या पुस्तकात आर्मर क्लास ५, म्हणून मी १५ लिहिले. हिट पॉइंट, म्हणजे पडण्याआधी किती इजा सोसता येते तो आकडा, मात्र पाचव्या आवृत्तीतून घेतले: ५९. लढाई संपता संपेना. फासे बरे पडत होते, तरीही खेळाडूंचे चेहरे उतरले, आणि रात्री घरी येऊन मी हिशेब केला.

१९७९च्या ओगरला आठ बाजूंचे चार फासे अधिक एक, म्हणजे सरासरी १९ हिट पॉइंट असतात. तिसऱ्या लेव्हलच्या योद्ध्याला तो १३ टाकून, ४० टक्के वेळा लागतो, आणि मोठ्या शत्रूवर लांब तलवारीची इजा सरासरी ६.५. म्हणजे एका वाराला सरासरी २.६ आणि ओगर पडायला साधारण सात-आठ वार. पाचव्या आवृत्तीने ५९ हिट पॉइंट दिले, पण त्याचबरोबर आर्मर क्लास ११वर उतरवला. +५च्या योद्ध्याला तिथे ६ पुरतात, म्हणजे ७५ टक्के, आणि ७.५च्या इजेने साडेदहा वारांत काम होते. मी जुना आर्मर क्लास आणि नवे हिट पॉइंट एकत्र केले, त्यामुळे शक्यता ५५ टक्क्यांवर आली आणि प्रत्येक ओगरला चौदाच्या वर वार लागू लागले. जुना ओगर क्वचित लागत असे पण लवकर पडत असे. नवा वारंवार लागतो आणि उशिरा पडतो. दोन्ही रचना आपापल्या जागी बरोबर आहेत. अर्धी इकडची, अर्धी तिकडची घेतली की दोन्हींतील वाईट तेवढे हाती येते.

यावरून मी आता असे करतो. तोच प्राणी नव्या पुस्तकात असेल तर त्याचे आकडे पूर्णच्या पूर्ण नव्या पुस्तकातून घेतो, हल्ल्याचा बोनसही. दुसऱ्या आवृत्तीतील ओगरचा थॅको १७, म्हणजे +३. पाचव्यात तो +६ आहे, आणि नव्या पात्रांच्या चिलखतासमोर त्याला +६ लागतातच. पहारेकरी, शिपाई अशी साधी माणसे असतील तर त्यांच्या अंगावर कोणते चिलखत आहे एवढे वाचतो आणि नव्या पुस्तकातील त्याच चिलखताचा आकडा देतो.

उरतात ती फक्त त्या मॉड्यूलसाठी निर्माण केलेली पात्रे: गढीचा सरदार, शापित सेनापती, नाव असलेला राक्षस. त्यांच्यासाठी शक्यता मोजावी. मॉड्यूल कोणत्या लेव्हलसाठी आहे ते पाहून त्या लेव्हलचा जुना योद्धा समोर ठेवावा. समजा दहावी लेव्हल: थॅको ११, ताकदीचा +१, हातात +२ची तलवार, म्हणजे प्रत्यक्षात ८. सरदाराचा आर्मर क्लास उणे ३. लागतील ११, म्हणजे ५० टक्के. आता आपल्या टेबलावरील दहाव्या लेव्हलचा योद्धा घ्यावा: प्रावीण्य +४, ताकद +५, तलवार +१, एकूण +१०. त्यालाही ११ लागावेत, तर सरदाराचा आर्मर क्लास २१ हवा. सरळ वजाबाकीने २३ आला असता आणि शक्यता ४० टक्क्यांवर घसरली असती.

पहिल्या लेव्हलला हेच उलटे होते. थॅको २०चा योद्धा आर्मर क्लास ५ला १५ टाकून, ३० टक्के वेळा लागत असे; आजचा +५चा योद्धा सरळ रूपांतर केलेल्या १५ला १० टाकून, ५५ टक्के वेळा लागतो. म्हणजे सरळ वजाबाकीने सुरुवातीची मॉड्यूल सोपी होतात आणि शेवटची अवघड, आणि पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या आसपास दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. पाचव्या लेव्हलचे मॉड्यूल असेल तर मी हिशेब न करता २०मधून वजा करून मोकळा होतो. पहिल्या लेव्हलला शक्यता ३० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह मात्र धरू नये. आजचा खेळाडू सलग तीन वार हुकण्याला सरावलेला नसतो, आणि तिथे शत्रूंची संख्या एक-दोनने वाढवणे अधिक चांगले.

खेळ सुरू होण्याआधी

फाशावर २० आणि १ पडले तर काय, हे पहिला फासा पडण्याआधी बोलून घ्यावे, कारण या बाबतीत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी आवृत्ती असते. दुसऱ्या आवृत्तीत २० नेहमी लागतो, १ नेहमी हुकतो, आणि दुप्पट इजा हा केवळ ऐच्छिक नियम आहे. तिसऱ्यात शस्त्राप्रमाणे १९ किंवा १८पासूनही क्रिटिकलची, म्हणजे जादा इजेच्या वाराची, संधी मिळते, पण ती पक्की करायला दुसरा फासा टाकून पुन्हा आर्मर क्लास गाठावा लागतो. चौथ्यात २०ला इजेचे फासे न टाकता सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. पाचव्यात इजेचे फासे दुप्पट टाकायचे, वरचा बोनस मात्र एकदाच मिळवायचा. २०२४च्या सुधारणेत हल्ल्याचा फासा तसाच राहिला, पण शस्त्रांना स्वतःचे गुण आले. त्यांतील एकामुळे वार हुकला तरी हल्ला करणाऱ्याच्या गुणाच्या बोनसएवढी इजा होते, त्यामुळे हुकलेला फासाही सांगावा लागतो. गटात कोणी पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीतून आलेला असेल तर तो आर्मर क्लासपेक्षा १०ने जास्त आले की क्रिटिकल धरेल. त्याला आपला नियम वेगळा सांगावा.

डीएमच्या आडोशामागे एक पोस्टकार्डाएवढा कागद लावून ठेवावा. त्यावर त्या दिवशी लढायच्या प्रत्येक शत्रूपुढे तीनच गोष्टी: चढता आर्मर क्लास, हल्ल्याचा बोनस, आणि गटातील मुख्य योद्ध्याला त्याच्यासाठी फाशावर लागणारा आकडा. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी आहे. तो ६पेक्षा कमी किंवा १५पेक्षा जास्त दिसला, की रूपांतरात काहीतरी राहून गेले आहे असे समजावे आणि खेळाडू जिना चढून गच्चीवर येण्याआधी तो शत्रू पुन्हा मोजून घ्यावा.